डोक्याच्या मापाची टोपी

टोपी विणायला बसलेल्या प्रत्येकीला मी आधी सुई खाली ठेवायला सांगते आणि हातात टेप देते. ज्याची टोपी, त्याचं डोकं मोजायचं. भुवयांच्या जरा वरून, कानांच्या वरच्या टोकाला लागून, मागे डोकं जिथे सर्वांत बाहेर येतं तिथून टेप फिरवायचा. मोठ्या माणसाचं माप साधारण ५४ ते ५८ सेंटिमीटर भरतं, वर्षाच्या मुलाचं ४६च्या आसपास, नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं ३५च्या. आकडा वहीत लिहून ठेवा, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

आमच्या पिढीतल्या बहुतेकजणी क्रोशे शिकल्या त्या रुखवतासाठी: रुमाल, तोरण, बटवा. त्यात मापाचं फारसं बंधन नव्हतं. रुमाल दोन बोटं मोठा झाला तरी टीपॉयवर शोभतोच. टोपीचं तसं नाही. माझी पहिली टोपी मी पुस्तकातल्या कृतीवरून विणली, एकही टाका चुकवला नाही, तरी ती वडिलांच्या कानांपर्यंत उतरली नाही. त्यांनी ती तशीच घालून दोन हिवाळे काढले. चूक कृतीत नव्हती. कृती लिहिणारीचा हात सैल होता आणि माझा घट्ट. क्रोशाचा टाका यंत्राला सहजी जमत नाही; नरसापूरची लेस असो की आपल्या घरातलं तोरण, ते कुणाच्या तरी हातातूनच आलेलं असतं, आणि प्रत्येक हाताचा टाका वेगळ्या मापाचा. म्हणून दुसऱ्याच्या कृतीतले आकडे पाठ करण्यापेक्षा ते कुठून आले हे समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. हिशेब सोपा आहे आणि तो एकदा कळला की कुठल्याही डोक्याची टोपी विणता येते.

लोकर मध्यम जाडीची घ्या. वेष्टनावर सुईचं माप छापलेलं असतं, ते ४.५ ते ५.५ मिलिमीटरच्या दरम्यान असलं की ती आपल्या कामाची. बारीकच मिळाली तर दोन गुंड्यांचे धागे एकत्र धरून विणा. मोठ्या माणसाच्या टोपीला १०० ग्रॅम पुरते, थोडी उरतेही. अ‍ॅक्रिलिक चालेल. रंग फिका आणि एकसारखा असावा, कारण काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत. केसाळ लोकर तर पहिल्या टोपीला नकोच, ती उसवताना गुंतते, आणि पहिल्या टोपीत उसवावं लागतंच.

सुई ५ मिलिमीटरची. घरात आजीची पोलादी सुई असेल, पण ती रुमालाच्या दोऱ्याची. लोकर तिच्या आकड्यात मावणार नाही. सुईचं माप आकड्याचं नसतं, त्यामागच्या सरळ दांड्याचं असतं, हे बहुतेकींना कुणी सांगितलेलं नसतं. फास दांड्यावर चढतो तेव्हा दांड्याएवढा होतो. शिकाऊ हात फास आकड्याजवळच्या निमुळत्या गळ्यावरच ठेवतो आणि तिथेच ओढून घेतो. मग एक टाका घट्ट, एक सैल, आणि पुढच्या फेरीत सुई आत शिरत नाही. फास दांड्यावर येऊ द्या. फक्त एवढ्यानं अर्ध्या तक्रारी मिटलेल्या मी पाहिल्या आहेत. याशिवाय एक सेफ्टी पिन, कात्री आणि मोठ्या नेढ्याची बोथट सुई लागेल.

दोन सुयांवर विणताना पूर्ण ओळीचे टाके सुईवर उघडे असतात आणि एक निसटला की खालपर्यंत शिडी उसवत जाते. क्रोशात एका वेळी एकच फास उघडा असतो. चूक दिसली की सुई काढायची, धागा ओढायचा, चुकीपर्यंत उसवायचं आणि तो एक फास पुन्हा सुईवर घ्यायचा. नवशिक्यांना क्रोशे मानवतं ते यामुळे. उसवण्याची भीती अजिबात बाळगू नका.

साखळी तुम्हाला येत असेल: सुईवर फास, लोकरीचा वेढा, तो फासातून बाहेर. मुक्या खांबात सुई टाक्यात घालून लोकर ओढायची, सुईवर दोन फास होतात, वेढा घेऊन दोन्हींतून एकदम बाहेर काढायचा. खांबाला आधी सुईवर एक वेढा घेऊन मग टाक्यात शिरायचं. तीन फास होतात, ते दोन दोन करून सोडवायचे. आपली टोपी या दोघांच्या मधल्या टाक्याची, अर्ध्या खांबाची. सुरुवात खांबासारखीच: आधी वेढा, मग टाक्यात शिरून लोकर ओढली की सुईवर तीन फास. आता पुन्हा वेढा घ्यायचा आणि तो तिन्हींतून एकाच ओढीत बाहेर काढायचा. हा टाका खांबापेक्षा दाट बसतो, थंडी आत येत नाही आणि मुक्या खांबापेक्षा काम लवकर पुढे सरकतं.

व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांनी नावांकडे लक्ष द्यावं. आपला मुका खांब अमेरिकेत सिंगल क्रोशे, तर इंग्लंडमध्ये तोच डबल क्रोशे. आपला खांब अमेरिकेत डबल, इंग्लंडमध्ये ट्रेबल. अर्धा खांब अमेरिकेत हाफ डबल, इंग्लंडमध्ये हाफ ट्रेबल. कृतीत कुठेही ‘सिंगल क्रोशे’ हे शब्द आले तर ती अमेरिकी पद्धतीची समजावी, कारण इंग्लंडच्या पद्धतीत त्या नावाचा टाका नाही.

आता मुख्य गोष्ट. टोपी वरून खाली विणायची. आधी एक सपाट गोल चकती करायची, ती हव्या त्या परिघाची झाली की वाढवणं थांबवायचं, म्हणजे विणकाम आपोआप खाली वळतं आणि भिंत उभी राहते. प्रश्न इतकाच की चकती सपाट राहायला दर फेरीला किती टाके वाढवायचे?

शाळेतलं ‘दोन पाय आर’ आठवा. चकतीभोवती एक फेरी झाली की तिची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीइतकी वाढते. त्रिज्या जितकी वाढते, त्याच्या सव्वासहा पट परीघ वाढतो. टाक्याची उंची आणि रुंदी सारखीच असेल तर त्या वाढलेल्या परिघात सहा टाके बसतात. मुका खांब जवळपास चौकोनी असतो, म्हणून त्याच्या चकतीत दर फेरीला ६ टाके वाढवतात. खांब रुंदीच्या जवळजवळ दुप्पट उंच, म्हणून तिथे १२. अर्धा खांब या दोघांच्या मधला. माझ्या हाताला तो पाऊण सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम एक सेंटिमीटर उंच येतो. एकाला सव्वासहानं गुणून पाऊणनं भागलं की आठच्या जरा वर. म्हणून ८. काही कृतींत अर्ध्या खांबाला १० दिलेले असतात. ज्यांचा टाका उंच येतो त्यांना ते जुळतात. रुमालाच्या कृतीत ‘१२ खांब, मग २४, मग ३६’ असं वर्षानुवर्षं विणणाऱ्या बायकांना हे सांगितलं की त्या क्षणभर थांबतात आणि हातातल्या रुमालाकडे नव्यानं पाहतात. तो क्षण मला फार आवडतो.

सुरुवात मॅजिक रिंगनं करू. १५ सेंटिमीटर टोक सोडून लोकर डाव्या हाताच्या दोन बोटांभोवती एकदा गुंडाळा. वेढ्याखालून सुई घालून गुंड्याकडची लोकर ओढून घ्या आणि एक साखळी घाला. कडं अलगद बोटांवरून उतरवा. आता त्या कड्यात आठ अर्धे खांब घाला, सोडलेलं टोकही सोबत आत घेत. मग टोक ओढा. कडं मिटतं आणि मधलं भोक नाहीसं होतं. हे जमत नसेल तर दोन साखळ्या घालून पहिल्या साखळीतच आठ अर्धे खांब घाला. किंचित भोक राहील, टोक ओवताना ते बंद करता येतं.

फेरी जोडायची नाही. गोगलगाईच्या शंखासारखं फिरत फिरत विणत जायचं. यात शिवणीसारखी रेघ येत नाही, पण फेरी कुठे सुरू झाली ते डोळ्यांना दिसतही नाही, म्हणून प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवायची आणि पुन्हा तिथे आलं की ती नव्या पहिल्या टाक्यात हलवायची. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन दोन: १६. तिसऱ्या फेरीत एका टाक्यात एक, पुढच्यात दोन, असं आलटून पालटून: २४. चौथ्या फेरीत दोन टाक्यांत एकेक, तिसऱ्यात दोन: ३२. वाढीच्या मधले साधे टाके दर फेरीला एकानं वाढतात आणि बेरीज आठानं: ४०, ४८, ५६, ६४.

चौथी फेरी झाली की थांबा आणि चकती टेबलावर ठेवून नीट पाहा. तिची कड वेणी घातल्यासारखी दिसेल. त्या वेणीचा एक पेड म्हणजे एक टाका. पेडाच्या दोन्ही पात्या सुईखाली आल्या पाहिजेत. एकच पाती उचलली तर तिथे फट पडते आणि टाका लांब ओघळतो. अर्ध्या खांबाला मागच्या अंगाला आणखी एक आडवा धागा असतो, तो आधीच्या वेढ्याचा. नवी माणसं हमखास तोच टाका समजून त्यात शिरतात किंवा तो वेगळा मोजतात. बोटानं वेणीचे पेड एकेक करून मोजा, बत्तीस भरले पाहिजेत. मग चकतीचा व्यास मोजा. साडेसात सेंटिमीटरच्या आसपास असेल तर तुमचा हात माझ्यासारखा आहे. कमीजास्त असला तरी बिघडत नाही, फक्त तुमच्या एका टाक्याची रुंदी काढून ठेवा: व्यास गुणिले ३.१४, भागिले ३२. हाच तुमचा नमुना, वेगळा चौकोन विणायची गरज नाही.

चकती वाटीसारखी खोल व्हायला लागली तर वाढ कमी पडते आहे. बहुधा एखादी वाढ विसरलेली असते किंवा हात घट्ट असतो. टाके बरोबर भरूनही वाटीच होत असेल तर अर्ध्या मिलिमीटरनं मोठी सुई घ्या. उलट कडेला झालर आली तर वाढ जास्त होते आहे. एखाददुसरी लाट पुढच्या फेऱ्यांत सपाट होते, पण झालर वाढतच गेली तर उसवावं. या झालरीत मोठं गणित दडलेलं आहे. लाटव्हियाच्या गणितज्ञ डाइना ताइमिन्या यांनी १९९७ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मुद्दाम वाढ जास्त ठेवून क्रोशानं असेच झालरीचे पृष्ठभाग विणले आणि हायपरबोलिक भूमिती विद्यार्थ्यांच्या हातात दिली. कागदाचे तसे नमुने हाताळताना फाटत. लोकरीचे फाटले नाहीत.

वाढ एकावर एक येत गेली की चकतीला आठ कोपरे दिसू लागतात. टोपी डोक्यावर गेल्यावर ते फारसे जाणवत नाहीत. कुणाला खटकत असतील तर एक फेरी सोडून पुढच्या फेरीत वाढ साध्या टाक्यांच्या मधोमध घ्या, म्हणजे कोपरे मोडतात.

थांबायचं कुठे? वहीतला आकडा काढा. टोपी डोक्याएवढी केली तर ती सैल होते, कारण लोकरीचं विणकाम घातल्यावर ताणलं जातं. मोठ्या माणसासाठी साधारण पाच सेंटिमीटर वजा करायचे, लहान मुलासाठी दोन-तीन. ५६चं डोकं असेल तर टोपी ५१ची. ५१ भागिले टाक्याची रुंदी पाऊण: ६८ टाके. आठव्या फेरीला आपले ६४ झाले, नवव्यात पूर्ण वाढ घेतली तर ७२ होतील. म्हणून नवव्या फेरीत चारच वाढी घ्यायच्या: पंधरा टाक्यांत एकेक, सोळाव्यात दोन, असं चारदा. झाले ६८. वडिलांची टोपी विणताना हा हिशेब मला ठाऊक असता तर माझ्या घट्ट हाताला किती टाके लागतील हे पाचव्या फेरीलाच कळलं असतं.

यानंतर वाढ नाही. प्रत्येक टाक्यात एक, फेरीमागून फेरी, नुसतं चालत राहायचं. पहिल्या दोन फेऱ्यांत काही घडल्यासारखं वाटत नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीला कड हळूच खाली झुकते. इथेच सगळे घाबरतात आणि विचारतात, बिघडलं का? अजिबात नाही. भिंत उभी राहते आहे. आता मोजण्याचा ताण नाही, दर तीन-चार फेऱ्यांनी एकदा ६८ भरतात का ते पाहिलं की झालं. गप्पा मारत, डाळीच्या शिट्ट्या ऐकत विणायचा हा भाग. मात्र एक पाहा: विणताना जी बाजू तुमच्याकडे असते ती सुलट. टोपी उलटी वळली असेल तर आतून हातानं ढकलून सुलट बाहेर काढा आणि पुढे विणा.

उंची किती ठेवायची तेही डोक्यावरच मोजायचं: टाळूच्या मध्यापासून कानाच्या पाळीच्या टोकापर्यंत टेप धरा. मोठ्यांना साधारण २० ते २१ सेंटिमीटर लागतात. चकतीतून जवळपास आठ मिळतात, म्हणजे भिंतीच्या बारा-तेरा फेऱ्या. निफाडसारख्या कडक थंडीच्या ठिकाणी पहाटे शेतावर जाणाऱ्या माणसाची टोपी असेल तर आणखी पाच-सहा फेऱ्या घाला, म्हणजे कड दुमडून कानांवर दुहेरी थर येतो.

कडेच्या शेवटच्या तीन फेऱ्या मुक्या खांबाच्या आणि अर्ध्या मिलिमीटरनं लहान सुईच्या करा. कड आवळून बसते, टोपी डोळ्यांवर घसरत नाही. फिरत विणल्यामुळे शेवटी एक पायरी राहते, तिथे दोन-तीन स्लिप स्टिच घालून ती उतरती करायची: सुई टाक्यात घालून लोकर ओढायची आणि तीच सुईवरच्या फासातूनही बाहेर काढायची. मग २० सेंटिमीटर ठेवून लोकर कापा आणि टोक फासातून ओढून घ्या.

टोकांना गाठ मारून कापून टाकू नका. गाठ सुटते आणि मॅजिक रिंगचं टोक सुटलं तर टोपीच्या माथ्यालाच भोक पडतं. बोथट सुईनं टोक टाक्यांच्या पोटातून एका दिशेला चार-पाच सेंटिमीटर ओवा, एक धागा सोडून उलट वळा आणि तेवढंच परत या.

माझ्या वहिनीची केमोथेरपी सुरू होती तेव्हा मी याच हिशेबानं तिच्यासाठी चार टोप्या विणल्या. केस गेल्यावर डोकं पुन्हा मोजलं, कारण आधीच्या मापात केसांची जाडी धरलेली होती आणि आता टोपी सैल पडली असती. लोकरीऐवजी मऊ सुती धागा घेतला. सुती धागा लोकरीइतका ताणला जात नाही, म्हणून पाचऐवजी दोनच सेंटिमीटर वजा केले. टोकं मात्र बाहेरच्या बाजूनं ओवली. त्या दिवसांत कातडी इतकी हळवी झालेली होती की आतला एवढासा उंचवटाही तिला रात्रभर टोचायचा. तुम्हीही कुणा आजारी माणसासाठी विणणार असाल तर टोपी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर घासून पाहा.

टोपी कोमट पाण्यात, साध्या साबणानं, न पिळता धुवा. खरी लोकर असेल तर गरम पाण्यात ती आटते. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि वाटी पालथी घालून तिच्यावर वाळत ठेवा. दोरीवर टांगलेली ओली टोपी लांबट होते.

उरलेल्या लोकरीचा लहान मुलाच्या टोपीला गोंडा करता येतो. चार बोटांभोवती साठ-सत्तर वेढे घ्या, मधोमध करकचून बांधा, दोन्हीकडचे फास कापा आणि गोल छाटा. बांधलेल्या दोऱ्याची टोकं लांब ठेवा, ती माथ्यातून आत ओढून उलट बाजूला सरकगाठीनं बांधा. धुवायच्या आधी ती ओढली की गोंडा सुटतो, आणि टोपी वाळली की पुन्हा लावता येतो.